कॅथलिक स्टडीजचं मायनर, मेजर कॉम्प्युटर सायन्स: झेपेल का?

मिरजकर_रो
अमेरिकेतल्या एका कॅथलिक युनिव्हर्सिटीत बी.एस.चं दुसरं वर्ष चालू आहे, मेजर म्हणजे मुख्य विषय कॉम्प्युटर सायन्स. कोअरमध्ये फिलॉसॉफी आणि थिऑलॉजीचे (ईश्वरशास्त्राचे) प्रत्येकी दोन कोर्स सगळ्यांनाच सक्तीचे आहेत, त्यातले तीन मे महिन्यापर्यंत होतील. अॅडव्हायजर म्हणतात, आणखी थोडे घेतले की कॅथलिक स्टडीजचं मायनर, म्हणजे दुय्यम विषय, पदरात पडेल. घरी ख्रिस्ती कुणी नाही, बायबल सलग वाचलेलं नाही. श्रद्धा नसताना मार्क मिळतात का? थिऑलॉजीच्या मायनरपेक्षा हे वेगळं कसं? आणि गाडी नेमकी कुठे अडते?

नीलकंठ_सेंट_पॉल
आधी फरक सांगतो. थिऑलॉजीचं मायनर एकाच विभागाचं असतं. कॅथलिक स्टडीज बहुशाखीय आहे: इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, कला, अर्थकारण, सगळ्यांत कॅथलिक विचार कसा उतरला ते बघायचं. मिनेसोटाच्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट थॉमसमध्ये 1993 साली हा अभ्यासक्रम सुरू झाला. नंतर इतरांनीही आपापल्या परीने तो घेतला. त्यामुळे एकाच मायनरमध्ये मध्ययुगातले तत्त्वज्ञ-धर्मपंडित थॉमस अॅक्वायनस आणि इटालियन कवी दांते दोघेही भेटतात.

आता क्रेडिट. बऱ्याच ठिकाणी पाच-सहा कोर्स, म्हणजे 15 ते 20 क्रेडिट लागतात. पण 'तीन झाले, तीन राहिले' असा हिशेब लगेच करू नका. कोअरचे किती कोर्स मायनरमध्येही धरता येतात यावर सहसा मर्यादा असते, आणि ती तुमच्या प्रवेशवर्षाच्या कॅटलॉगमध्ये लिहिलेली असते. डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीच्या कोणत्या अटी पूर्ण झाल्या याचा अहवाल काढा, त्यावर खुणा करा आणि विभागाकडून ईमेलवर उत्तर घ्या. तोंडी 'चालेल' शेवटच्या सेमिस्टरला उपयोगी पडत नाही.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. सुरुवातीचा कोर्स आणि शेवटचं सेमिनार बहुधा वर्षातून एकदाच असतं, आणि कॉम्प्युटर सायन्सच्या वरच्या वर्गांच्या लॅब त्याच वेळेला येतात. म्हणून हे दोन आधी मांडा, बाकीचे त्यांच्याभोवती बसवा.

प्रश्नोत्तर
श्रद्धेला मार्क नाहीत. मार्क मिळतात ते चर्चची भूमिका तिच्याच शब्दांत अचूक मांडण्याला. ती पटते की नाही हे नंतर. उलट ज्यांच्या घरी हे सगळं आहे तेच अनेकदा लहानपणी ऐकलेलं लिहून मोकळे होतात आणि मजकुराकडे बघतच नाहीत.

सर्वाधिक मार्क जातात ते अॅक्वायनसवर. त्यांच्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथातल्या प्रत्येक लेखाची रचना ठरलेली आहे. आधी विरोधी आक्षेप, मग 'पण याउलट' म्हणून एखादं प्रमाणवचन, मग 'माझं उत्तर असं' हा मुख्य भाग, आणि शेवटी आक्षेपांना एकेक उत्तर. पहिल्या भागातला दुसरा प्रश्न, तिसरा लेख काढून बघा. सुरुवातच 'देव नाही असं दिसतं' अशी आहे आणि पहिला आक्षेप जगातल्या वाईटाचा. घाईत वाचणारा तेच अॅक्वायनसचं मत म्हणून उद्धृत करतो आणि निबंध तिथेच बसतो. आपल्याकडच्या पूर्वपक्ष-सिद्धान्त पद्धतीची ओळख असेल तर हे पटकन कळेल. वाचताना आधी मुख्य उत्तर, मग आक्षेप, मग त्यांची उत्तरं असा क्रम ठेवा. दोन पानांच्या लेखाला पाऊण तास सहज जातो, तेवढा द्या. संदर्भ मात्र पानाचा देऊ नका. भाग, प्रश्न, लेख असाच द्यायचा.

अनघा_दस्तऐवज
चर्चच्या दस्तऐवजांची पायरी ओळखायला शिका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने (1962 ते 1965) एकूण 16 दस्तऐवज काढले: 4 संविधानं, 9 आदेश, 3 घोषणापत्रं. सगळ्यांचं वजन सारखं नाही. हिंदू विद्यार्थी हमखास त्यातलं इतर धर्मांविषयीचं 'नोस्त्रा एताते' उचलतात, कारण त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात हिंदू आणि बौद्ध धर्मांचा आदराने उल्लेख आहे. पण ते घोषणापत्र आहे, आणि त्याच परिच्छेदात ख्रिस्ताची घोषणा करत राहणं हे चर्चचं कर्तव्यही सांगितलं आहे. अर्धं वाक्य उचलून 'सगळे धर्म सारखेच' असा निष्कर्ष काढला की प्राध्यापक लाल पेन काढतात. चर्चच्या स्वरूपावरचं 'लुमेन जेन्शियम'सारखं संविधान शेजारी ठेवून वाचा.

सामाजिक शिकवणीवर लिहायचं तर पोपांची परिपत्रकं क्रमाने घ्या: 1891 चं 'रेरुम नोवारुम', 1931 चं 'क्वाद्राजेसिमो आन्नो', 1991 चं 'चेन्तेसिमुस आन्नुस'. नंतरची दोन्ही पहिल्याच्या वर्धापनानिमित्तची आहेत, त्यामुळे मधूनच एक उचललं तर वाद कुणाशी चाललाय हेच कळत नाही. व्हॅटिकनच्या वेबसाइटवर फुकट आहेत. परिच्छेद क्रमांक द्या.

कागदपत्र_एफवन
एफ-वन या विद्यार्थी व्हिसाचं थोडक्यात. सेमिस्टरला किमान 12 क्रेडिट हवेत, आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच, 3 क्रेडिटपर्यंतचा, धरला जातो. ओपीटीची (या व्हिसावर प्रशिक्षण म्हणून करता येणारी) नोकरी मेजरशी जोडलेली लागते, मायनरवर ती मिळत नाही. मेजर संपून फक्त मायनर राहिलं तर आय-ट्वेंटीची (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते त्या प्रमाणपत्राची) मुदत वाढेल असं गृहीत धरू नका. मायनर जाहीर करण्याआधीच इंटरनॅशनल ऑफिसमध्ये विचारा.

वसईकर
बायबल घेताना जपा. घरी मराठीत जे 'पवित्र शास्त्र' सहज मिळतं त्यात बहुधा 66 पुस्तकं असतात. कॅथलिक बायबलमध्ये 73. शुद्धीस्थानाच्या (मृत्यूनंतर आत्म्याची शुद्धी होते त्या अवस्थेच्या) चर्चेत मॅकाबीजच्या दुसऱ्या पुस्तकाचा 12 वा अध्याय लागतो, तो 66 वाल्यात नाहीच. 'न्यू अमेरिकन बायबल' या कॅथलिक इंग्रजी भाषांतराची सुधारित आवृत्ती घ्या. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, बघून अहवाल लिहायला सांगितलं तर मागच्या बाकावर बसा: आधी वाचनं आणि प्रवचन, मग ख्रिस्तप्रसाद. प्रसाद कॅथलिकेतरांनी घ्यायचा नसतो. त्या वेळी जागेवरच थांबलात तरी चालतं.

शेवटच्या पेपरला मराठी येण्याचा खरा फायदा करून घ्या. इंग्लंडहून 1579 मध्ये गोव्याला आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' ओवीबद्ध मराठीत आहे. 1616 मध्ये गोव्यातल्या राशोलला ते रोमन लिपीत छापलं गेलं. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. त्याच काळात मदुराईत इटालियन मिशनरी रोबेर्तो दे नोबिली संन्याशाच्या वेशात राहत होते, आणि 1623 मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्यांच्या पद्धतीला बरीचशी मान्यता दिली. एकाने स्थानिक काव्यप्रकार उचलला, दुसऱ्याने वेश आणि आचार. 15 पानांना एवढी तुलना पुरे. सगळं पुराण घेऊ नका, ख्रिस्तजन्माच्या ओव्या निवडा आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायाशी ताडून बघा. साल्ढाणांनी संपादित केलेली पुराणाची 1907 ची मंगळुरू आवृत्ती रोमन लिपीतली आहे, उच्चार लावायला वेळ जातो. इंटरलायब्ररी लोनवर (दुसऱ्या ग्रंथालयातून) ती सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यातच मागवा.