सल्ला हवा : सांगलीत जुना इलेक्ट्रोस्टॅटिक अॅम्प दुरुस्त करावा की नवा बांधावा?

कृष्णाकाठ, सांगली
माझ्याकडे स्टॅक्स या जपानी कंपनीचा एसआरएम-टी१ हा व्हॉल्वचा अॅम्प आणि लॅम्डा प्रो हा इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे विद्युतभारित पातळ पडद्याने आवाज काढणारा हेडफोन आहे. जपानहून परतलेल्या एका नातेवाइकांनी ते मला दिले. अॅम्प तिथल्या १०० व्होल्टचा असल्यामुळे मी तो एका लहान स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरवर चालवतो. जुलैपासून ऐकायला बसल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत डाव्या कानाचा आवाज उतरत जातो आणि दोन्ही कानांत बारीक हमही (सततची गुणगुण) येतो. प्रो बायस (हेडफोनच्या पडद्याला दिलेला स्थिर विद्युतदाब) ५८० व्होल्ट असतो असे वाचले होते, परंतु साध्या डिजिटल मल्टिमीटरने बायसच्या पिनवर मोजले तेव्हा जेमतेम ३९० आले. दुरुस्ती करावी, व्हॉल्वच्या अॅनोडवरील (आउटपुटच्या टोकावरील) रेझिस्टर काढून तिथे कॉन्स्टंट करंट सोर्स (प्रवाह स्थिर राखणारे भाग) बसवावेत की नवाच अॅम्प बांधावा? एकूण २०,००० रुपयांपर्यंत खर्च करू शकतो.

अजिंक्यतारा, सातारा
बायस ३९० म्हणजे बायसचा मल्टिप्लायर (व्होल्टेज वाढवणारी डायोड-कपॅसिटरची साखळी) गेला, हे उघड आहे. त्या जुन्या अॅम्पवर पैसे घालू नका. केव्हिन गिलमोर यांच्या आरेखनाचा केजीएसएसएचव्ही हा इलेक्ट्रोस्टॅटिक अॅम्प मी स्वतः बांधला आहे. त्याला चौदा महिने लागले, परंतु अधिक-उणे ४५० व्होल्टच्या पुरवठ्यावर तो सलग आठ तास चालतो आणि मोठा आवाज असतानाही तबल्याच्या थापेची धार मुळीच बोथट होत नाही. २एसए१९६८ आणि २एससी४६८६ हे ट्रान्झिस्टर आता कारखान्यातून येत नाहीत. माझी पहिली खेप बनावट निघाली आणि पहिल्याच चाचणीत एक बाजू जळाली, म्हणून सुटे भाग पारखूनच घ्यावेत. खर्च लाखाच्या वर गेला, तरी एकही रुपया वाया गेला असे मला वाटत नाही.

हळदपेठ, सांगली
लाखाचा सल्ला वीस हजारवाल्याला देऊन काय उपयोग? एसआरडी-७ प्रो सारखी ट्रान्सफॉर्मरची पेटी शोधा आणि घरातल्या स्पीकरच्या अॅम्पला जोडा. मी सहा वर्षे तशीच वापरतो आहे. माझी तक्रार एकच आहे, की विकणाऱ्याने पेटीच्या बायसचा विद्युतपुरवठा ११७ व्होल्टचा आहे हे सांगितले नाही. मी ती थेट २३० वर लावली आणि आतले कपॅसिटर फुगले. तुमचाही बायसचा मल्टिप्लायरच गेला असणार.

अजिंक्यतारा, सातारा
लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून खर्जाचे स्वर आणि वरच्या पट्टीतली झळाळी दोन्ही पूर्ण मिळत नाहीत, असा माझा अनुभव आहे. थेट चालवणाऱ्या अॅम्पची सर त्याला येणार नाही.

हळदपेठ, सांगली
माझ्या पेटीवर दोन्ही मिळतात. आपण ती ऐकलेली नाही.

तंबोरा, मिरज
मी हे हेडफोन एकाच कारणासाठी वापरतो. तंबोऱ्याची जवारी (घोडीवर तार टेकून येणारी गुंज) नीट लागली आहे की नाही, हे तारेच्या मूळ स्वरावरून कळत नाही, तर त्यातून एकामागून एक उमलत जाणाऱ्या उपस्वरांवरून कळते, आणि ते उपस्वर मला इतके सुटे-सुटे दुसऱ्या कोणत्याही हेडफोनवर ऐकू आले नाहीत. आमच्या गावच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून जुनी ध्वनिमुद्रणे ऐकायला माझ्याकडे येणारेही वाढले आहेत.

मुद्द्याचे सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी माझाही डावा कान असाच उतरत गेला होता. हेडफोनचा पडदा दोन मायक्रॉनांपेक्षाही पातळ असतो आणि त्यावरच्या लेपात विद्युतभार टिकून राहिला, तरच आवाज टिकतो. दमट हवेत किंवा धुळीमुळे तो भार गळतो. मी हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवला आणि आवाज परत आला. केस वाळवायचे यंत्र त्याच्याजवळ नेऊ नका.

वाईकर_ऑडिओ, वाई
वर सर्वांनी सांगितलेच आहे, की मल्टिप्लायर गेला आहे. सर्व डायोड आणि कपॅसिटर बदला. मी तर जुना अॅम्प विकून नवा घेतला आणि निश्चिंत झालो.

जुनी_वायरिंग, कराड
मल्टिप्लायर गेला असे तिघांनी लिहिले, परंतु मीटरचा विचार कोणी केला नाही. बायस त्या पिनपर्यंत साधारण पाच मेगाओहमच्या रेझिस्टरमधून येतो. पिनला चुकून हात लागला, तरी त्या रेझिस्टरमुळे प्रवाह मिलीअँपियरच्या एक-अष्टमांशापेक्षाही कमी राहतो. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध दहा मेगाओहम असतो, त्यामुळे ५८० व्होल्टचे दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे ३८७ व्होल्टच मीटरवर दिसतात. आपले ३९० हे बायस निरोगी असल्याचे लक्षण आहे. कृपा करून मल्टिप्लायर उपसू नका.

आता पुढची तपासणी. मागच्या बाजूच्या डाव्या-उजव्या इनपुट तारांची अदलाबदल करा. दोष उजव्या कानात गेला, तर तो अॅम्पच्या आधीच्या साधनात आहे. डाव्याच कानात राहिला, तर अॅम्प बंद करून दोन्ही ६सीजी७ व्हॉल्वची अदलाबदल करा. तरीही दोष हलला नाही, तर तोच हेडफोन दुसऱ्याच्या अॅम्पवर ऐका. हम मात्र वेगळा विषय आहे. आपला स्टेप-डाऊन किती व्हीएचा (किती भार पेलणारा) आहे, आणि तो खरा तांब्याच्या गुंडाळ्यांचा आहे की परदेश प्रवासात इस्त्रीसाठी मिळणारा हलका कन्व्हर्टर आहे?

झाकण उघडण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. बायसपेक्षा मुख्य पुरवठ्याचे मोठे कपॅसिटर खरे धोकादायक असतात. त्यांच्यावर दोन्ही बाजूंना तीनशेहून अधिक व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही ते काही काळ तसेच राहू शकतात. १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावून ते रिकामे करावेत, मीटरने खात्री करावी आणि काम करताना एक हात पाठीमागे ठेवावा. पहिल्यांदा अॅम्प सुरू करताना २३० च्या बाजूस सिरीज बोर्डवर १०० वॉटचा जुना तापतारेचा बल्ब ठेवला, तर शॉर्ट असल्यास तोच उजळतो आणि अॅम्प वाचतो.

कृष्णाकाठ, सांगली
आपला अत्यंत आभारी आहे. इनपुट आणि व्हॉल्व दोन्ही बदलून पाहिले, तरी दोष डाव्याच कानात राहिला. काल मिरजेच्या तंबोरा यांच्याकडे हेडफोन घेऊन गेलो, तर त्यांच्या अॅम्पवरही तो अर्ध्या तासात उतरला, म्हणजे दोष हेडफोनमध्येच आहे. माझे घर आयर्विन पुलापासून फार दूर नाही आणि पावसाळ्यात भिंतींना ओल असते. स्टेप-डाऊन हा आपण म्हणता तसला हलका कन्व्हर्टरच निघाला. त्यांच्याकडचा जड, तांब्याचा १५० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर लावताच हम गेला.

वाईकर_ऑडिओ, वाई
मग आता झाकण उघडूच नका. चालते आहे ते चालू द्या.

जुनी_वायरिंग, कराड
मोठे कपॅसिटर मात्र जुने आहेत, ते १०५ अंशांपर्यंत उष्णता सोसणारे नवे घालावेत. अॅनोडचा बदल एक पावसाळा थांबून करावा, कारण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर नव्या दोषाचे मूळ सापडत नाही.

कृष्णाकाठ, सांगली
सर्वांचे मत विचारात घेऊनही मी वेगळा निर्णय घेतला आहे. नवा अॅम्प बांधणार नाही आणि एक पावसाळा थांबणारही नाही. झाकण एकदा उघडायचे आहे, तर कपॅसिटर आणि अॅनोडचा बदल एकत्रच करणार आहे. हेडफोनची एक बाजू मी १२० पिकोफॅरड धरली, तर २० किलोहर्ट्झला तिचा अडथळा ६६ किलोओहमच्या आसपास येतो. म्हणजे ज्या टिपेच्या उपस्वरांसाठी मी हे सारे करतो आहे, तिथेच अॅनोडचे रेझिस्टर व्हॉल्वचा बराच प्रवाह स्वतःकडे ओढतात. कॉन्स्टंट करंट सोर्स लावल्यावर तो जवळजवळ सगळा हेडफोनकडे जाईल. ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, करंट सोर्सचे चार १०एम९०एस आणि सिलिका जेल धरून हिशेब अकरा हजारांच्या आत बसतो. दोन्ही चॅनेलचे ऑफसेट आणि बॅलन्सचे (आउटपुटवर उरणारे व्होल्टेज आणि त्याच्या दोन टोकांचा तोल जुळवणारे) प्रीसेट अर्धा तास तापल्यावर लावीन.

जुनी_वायरिंग, कराड
तर मग आधी फक्त कपॅसिटर बदलून, व्होल्टेज वहीत लिहून ठेवा आणि त्याच बैठकीत पुढचे काम करा. १०एम९०एस ९०० व्होल्टपर्यंत चालतो, परंतु त्याच्या पाठीच्या पत्र्यातच वीज असते. हीटसिंकवर बसवताना सिरॅमिकची चकती मध्ये घालायलाच हवी.

अजिंक्यतारा, सातारा
माझ्याकडे अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेले सहा १०एम९०एस उरले आहेत. त्यातले चार मी रविवारी सांगलीला येताना घेऊन येतो, चकत्यांसह.