शब्दचर्चा: ‘स्नग’ पट्ट्याला मराठीत काय म्हणावं?

खाडीकाठ
मंडळी, एक अडचण आहे. मालवणात पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्कूबा डायव्हिंगसाठी नेणाऱ्या होड्या तुम्ही पाहिल्या असतीलच. त्यातल्या एका होडीवर नव्याने लागलेल्या पोरांसाठी दोन पानी मराठी पत्रक करायचं काम आमच्याकडे आलंय. विषय एवढाच: पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा हार्नेस, म्हणजे पट्ट्यांचा संच, माणसाच्या अंगावर कसा बसवायचा, म्हणजे तो टोचणार नाही, घासणार नाही आणि पाण्यात सरकणारही नाही.

मूळ इंग्रजी पुस्तिकेत चार ठिकाणी एकच शब्द आहे, ‘स्नग’. खांद्याचे पट्टे स्नग, कमरेचा पट्टा स्नग, सिलिंडरभोवतीचा पट्टा स्नग, जांघेतून येणारा पट्टाही स्नग. माझा सहअनुवादक म्हणतो, चारही ठिकाणी ‘घट्ट’ लिहून मोकळं व्हावं. होडीवरच्या जाणत्या माणसाने मसुदा वाचला नि म्हणाला, ‘घट्ट लिवलास तर पोरां जीव जाईसर वडतली.’ त्याचं म्हणणं खरं आहे, कारण चारही ठिकाणी अपेक्षा वेगळी आहे. सिलिंडरचा पट्टा खरोखर करकचून हवा. कमरेचा पक्का, पण पोटभर श्वास घेता येईल असा. खांद्याचा तर जवळजवळ सैलच.

तर घट्ट आणि सैल यांच्या मधला शब्द कोणता?

दुपारची_झोप
चपखल.

खाडीकाठ
चपखल हे उत्तर असतं, शब्द असतो, उपमा असते. ‘पट्टा चपखल करा’ असं कोणी कोणाला सांगेल का? मला आज्ञार्थात चालणारा शब्द हवाय.

दुपारची_झोप
मग ‘अंगासरशी’. पट्टा अंगासरशी बसवा. आमचा शिंपी म्हणायचा, अंगरखा अंगासरशी हवा की मोकळा?

अनुस्वार
आधी मुळाकडे जाऊ या. ‘हार्नेस’लाच मराठी शब्द दिला नाही तर त्याच्या विशेषणावर काथ्याकूट करून उपयोग काय? अमरकोशात हत्तीच्या अंगावरच्या पट्ट्याला दूष्या, कक्ष्या, वरत्रा अशी तीन नावं एका ओळीत दिली आहेत. त्याच ओळीत पुढे हत्तीला सज्ज करण्याच्या क्रियेला ‘कल्पना’ आणि ‘सज्जना’ म्हटलंय. म्हणजे बांधण्याच्या वस्तूलाही शब्द आहे आणि बांधण्याच्या कृतीलाही. कमरेच्या पट्ट्याला ‘कक्ष्या’ आणि सगळ्या संचाला ‘सज्जा’ म्हणा. पाचवीतल्या मुलालाही कळेल.

वायंगण
पाचवीतल्या मुलाक कळात, पण बोटीवरच्या झिलाक कळाचा नाय. (हलके घ्या.)

टाप
हत्तीपर्यंत कशाला जाता, घोडा जवळ आहे. आमच्या घरात दोन पिढ्या माथेरानला घोडे होते, तिथे मोटार चालत नाही म्हणून घोडा अजून आहे. घोड्याच्या पोटाखालून जाणारा पट्टा म्हणजे तंग. शेपटीखालून जाणारा, खोगीर पुढे सरकू नये म्हणून असलेला पट्टा म्हणजे दुमची. मोल्सवर्थचा कोश काढून बघा, दोन्ही सापडतील. आणि तुमच्या जांघेतल्या पट्ट्याचं काम नेमकं दुमचीचंच आहे. दुमची खोगिराला पुढे डोक्याकडे जाऊ देत नाही, तो पट्टा सिलिंडरला वर डोक्याकडे चढू देत नाही.

मजा बघा, ‘तंग’ हे नामही आहे आणि विशेषणही. तंग तंग आहे का? असा प्रश्न आजोबा खरंच विचारायचे. दोन बोटं तंग आणि पोट यांच्यात जायला हवीत, तिसरं जाता कामा नये.

अवांतर: घोडं हुशार असतं. तंग कसायला लागलं की पोट फुगवून धरतं. मग दहा पावलं चालवायचं, त्याने श्वास सोडला की पुन्हा एक भोक आत घ्यायचं.

वायंगण
@टाप, अवांतर नाही, अगदी मुद्द्याचं आहे. (इथून पुढे प्रमाण भाषेत लिहितो, नाहीतर अनुस्वार रागावतील.) पहिल्यांदा पाण्यात जाणारा पर्यटक घाबरलेला असतो. छाती भरून श्वास धरतो आणि तसाच उभा राहतो. पोराने त्या वेळी पट्टा ओढला की तो श्वास सोडल्यावर ढिला पडतो. म्हणून आम्ही आधी त्याला दोनदा नीट श्वास सोडायला लावतो, मग कमरेचा पट्टा ओढतो. उलट चूकही होते. जॅकेटवाल्या संचात हवा भरलेली नसताना सगळं छान बसतं, पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगायला हवा भरली की जॅकेट फुगून बरगड्यांवर दाबतं आणि माणूस म्हणतो, दम लागतोय. म्हणून होडीवरच एकदा हवा पूर्ण भरून बघायची.

शब्दाचं म्हणाल तर आमची पोरं काहीच म्हणत नाहीत. ‘बेल्ट वड’ नि ‘बेल्ट सोड’. विशेषण लागतच नाही.

अनुस्वार
तंग फारसी. दुमची फारसी, ‘दुम’ म्हणजे शेपूट. खोगीर फारसी. ज्या महाराष्ट्रात शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तिथे ३५० वर्षांनी आपण पुन्हा तंगापाशी येऊन उभे!

टाप
राज्यव्यवहारकोश झाला आणि तंग तरीही उरला, त्याला कोणी काय करावं? कोशाने दरबार बदलला असेल, तबेला नाही बदलला.

मगरींच्या_गावात
फ्लोरिडातून लिहितोय. इथे गोड्या पाण्याच्या गुहांमध्ये डायव्हिंग करणारे लोक जो हार्नेस वापरतात, त्याला हॉगार्थियन म्हणतात, विल्यम हॉगार्थ मेन या इथल्याच गुहा-डायव्हरच्या नावावरून. स्टीलची एक पाठपट्टी, अडीच-तीन किलोची, आणि तिच्या खाचांतून ओवलेली ५० मिलिमीटर रुंदीची सलग एकच नवार. हो, नवारच. आजोळी नवारीची खाट होती, तिच्यावर झोपलेल्याला ‘वेबिंग’ला दुसरा शब्द शोधायची गरज नाही. खांद्यावर एकही बकल नाही, फक्त कमरेला एक.

आता मुद्द्याचं. एकदा बसवलं की खांद्याचं माप पुन्हा बदलायचं नसतं, म्हणून पहिल्यांदा बसवतानाच वेळ घालवावा लागतो. जो सूट घालून पाण्यात जाणार तोच घालून बसवा, शर्टावर नाही. पट्टा आणि छाती यांच्यात तळहात सहज सरकला पाहिजे. मानेमागे हात नेला तर पाठपट्टीची वरची कड बोटांना लागली पाहिजे. लागत नसेल तर संच खाली लोंबतोय, आणि सिलिंडरची मागची झडप हाताला येणार नाही. अंगातून काढताना एक कोपर मुडपून पट्ट्याखालून बाहेर यायला हवं. हे जमत नसेल तर पट्टा तोकडा आहे. त्यामुळे खांद्याच्या बाबतीत ‘स्नग’ हा शब्दच मुळात चुकीचा आहे असं माझं मत. पाण्यात सिलिंडरचं वजन खांद्यावर नसतंच, मग आवळायचं कशासाठी?

आणि ज्यांना काचतं ते बाजारातून खांद्याला लावायच्या गाद्या आणतात. इथली जुनी मंडळी त्यावर हसतात. गादी पाण्यात तरंगते, ती बुडवायला कमरेला आणखी शिसं लावावं लागतं. याला मराठीत तयार शब्द आहे: खोगीरभरती.

टाप
वा! खोगीरभरतीचा इतका शब्दशः उपयोग प्रथमच पाहिला.

अनुस्वार
गादीला नावं ठेवण्याआधी एक विचार करा. खोगीर हा शब्दच ‘घाम धरणारा’ अशा फारसी अर्थाचा आहे. मुळात ते जनावराच्या पाठीवर घालायचं नमद्याचं जाड कापड होतं. म्हणजे गादी ही भरती नाही, गादी हेच खोगीर.

मगरींच्या_गावात
फारसी नको म्हणणारे तुम्हीच, आणि फारसी व्युत्पत्ती सांगणारेही तुम्हीच?

अनुस्वार
शत्रूची भाषा येऊ नये असं मी कधी म्हटलं?

लुगडं
पुरुष मंडळी घोड्याच्या शेपटीपर्यंत पोहोचली पण एक साधी गोष्ट कोणालाच आठवली नाही. दोन पायांमधून मागून पुढे किंवा पुढून मागे घेऊन कमरेला खोचायच्या गोष्टीला मराठीत काष्टा म्हणतात. कासोटा म्हणा हवं तर. तुमच्या जांघेतल्या पट्ट्याला तोच शब्द. नऊवारी नेसणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा काष्टा किती ओढायचा. उभं राहून ठीक वाटला आणि उकिडवं बसल्यावर रुतला तर तो जास्त ओढलाय. तुमच्या पत्रकात हीच कसोटी लिहा: पट्टा बांधल्यावर त्या माणसाला एकदा खाली बसवा.

वायंगण
ही कसोटी उद्यापासून आमच्या होडीवर. होडीच्या काठावर बसून मागे पडायचं असतं, त्यामुळे तसंही बसावं लागतंच. पण ‘तुमचा काष्टा नीट करतो’ असं पुण्यामुंबईच्या पर्यटकाला म्हणायची हिंमत माझ्यात नाही.

लुगडं
‘क्रॉच’ म्हणायची आहे वाटतं?

खाडीकाठ
काष्टा मला फार आवडलाय, ठेवतो बहुतेक. आतापर्यंतच्या चर्चेवरून असं लिहिलंय:

‘सिलिंडरचा पट्टा आधी पाण्यात भिजवून मग करकचून आवळा. कमरेचा पट्टा श्वास सोडल्यावर कसा. खांद्याचे पट्टे तळहात सरकेल इतके मोकळे ठेवा. काष्टा ओढू नका, फक्त ढिलाई काढा.’

म्हणजे ‘स्नग’ला एक शब्द सापडलाच नाही, चार क्रियापदं सापडली. चालेल?

दुपारची_झोप
‘कसा’ इथे गोंधळ होईल. ‘कमरेचा पट्टा श्वास सोडल्यावर कसा?’ असा प्रश्न वाटतो.

खाडीकाठ
अरे देवा. खरंय. ‘कसून बांधा’ करतो.

किनारपट्टी
भिजवण्याचं कारण लिहा, नाहीतर पोरं ती पायरी गाळतील. नायलॉनची नवार कोरडी असताना आवळली की पाण्यात गेल्यावर ताणते, पट्टा सैल होतो आणि सिलिंडर घसरतो. आवळून झाल्यावर झडपेला धरून संच उचलून हिसका द्यायचा. सिलिंडर हलला तर पुन्हा.

आणखी एक. तुम्ही सगळे पट्टा जमिनीवर किती आवळायचा यावर बोलताय, पण तेच माप खाली टिकत नाही. वेटसूटच्या रबरात हवेचे बुडबुडे असतात. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, रबर दबून पातळ होतं आणि वर घट्ट असलेला कमरेचा पट्टा खाली ढिला पडतो. खाली गेल्यावर पुन्हा एकदा ओढून घ्यावा लागतो. पहिल्या डुबकीवाल्या पर्यटकांना एवढं खोल नेत नाहीत, त्यामुळे त्यांना फारसं जाणवत नाही. पण पोरं पुढे कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला वगैरे गेली तर जाणवेल. मग घट्ट म्हणजे कुठल्या खोलीवरचं घट्ट?

अनुस्वार
‘डुबकी’ हिंदी वळणाचा शब्द. मराठीत बुडी.

किनारपट्टी
बरं. पहिल्या बुडीवाल्या पर्यटकांना. त्यांना हे वाचून आणखी भीती वाटेल.

टाप
बुडी, डुबकी आणि सूर या तिन्हींत फरक आहे हो. सूर डोकं खाली करून मारतात. ‘डायव्हिंग’ला सरसकट सूर मारणे लिहिणाऱ्या वर्तमानपत्रांचा निषेध.

लुगडं
कोणी ‘काचणे’बद्दल बोललंच नाही. पट्टा घट्ट असणं वेगळं आणि काचणं वेगळं. परकराची नाडी घट्ट असूनही काचत नाही, आणि कधी सैल असूनही काचते, कारण ती एकाच रेषेवर घासत राहते. नवी कोरी नवार कडक असते, तिची कड उघड्या मानेला लागली की संध्याकाळी लाल वळ. तो आवळल्यामुळे नसतो. पोरांना सांगायचं तर ‘काचतंय का?’ हाच प्रश्न विचारायला शिकवा. ‘घट्ट आहे का?’ विचारलं की पर्यटक काहीही उत्तर देतो.

वायंगण
+१. ‘काचता काय?’ असं विचारलं की लोक बोट ठेवून जागा दाखवतात. ‘घट्ट आहे का’ला नुसते माना डोलावतात.

अनुस्वार
काचणे हे कक्ष्यापासूनच आलंय, बघा. कक्ष्या, मग कच्छा, मग काच, मग काचणे. म्हणजे मी पहिल्या प्रतिसादात दिलेला शब्दच फिरून परत आला.

टाप
आणि ‘जाचकाच’मधला काच? सासुरवासाचा काच? तोही हत्तीच्या पट्ट्यातून?

अनुस्वार
का नाही? जे आवळतं ते छळतं.

टाप
ही व्युत्पत्ती झाली की सुविचार?

दुपारची_झोप
काष्टाही त्याच कुळातला असेल तर लुगडं आणि अनुस्वार एकाच बाजूला आले म्हणायचे.

लुगडं
मला कोणाच्याही बाजूला ढकलू नका.

खाडीकाठ
पत्रक सोमवारी छापायला जातंय. ‘काचतंय का?’ ठळक अक्षरात टाकतो. संचालक मंडळींचा निरोप आलाय की ‘काष्टा’ काढा, पर्यटक हसतील. त्या जागी काय?

टाप
दुमची. कोणाला अर्थच कळणार नाही, त्यामुळे कोणी हसणार नाही.

अनुस्वार
अधःकक्ष्या.

मगरींच्या_गावात
काष्टाच ठेवा. हसला की माणूस श्वास सोडतो, तेव्हाच पट्टा ओढायचा.

वायंगण
आमच्याकडे त्याला ‘खालचो बेल्ट’ म्हणतात. सगळ्यांना कळतो.

अनुस्वार
बेल्ट!

किनारपट्टी
वर कोणीतरी ‘लाल वळ’ लिहिलंय. आमच्याकडे वळ म्हणजे छडीचा, पट्ट्याचा तो वण. वण आणि वळ यात नक्की फरक काय?

लुगडं
वळ उठतो आणि जातो, वण राहतो.

टाप
आमच्याकडे वळ उमटतो. उठते ती गांधी.