चोई हुंगच्या रंगीत इमारती पाडाव्यात का?

खिडकीतला पाऊस:
हाँगकाँगच्या त्या रंगीबेरंगी इमारती आणि समोरचं बास्केटबॉल कोर्ट, हा फोटो बहुतेकांनी पाहिला असेलच. चोई हुंग म्हणजे इंद्रधनुष्य. १९६० च्या दशकात बांधलेली सरकारी भाड्याची वसाहत, ११ इमारती, साधारण ७,४०० घरं. आता टप्प्याटप्प्याने पाडून नवी बांधणारेत. मी गेलो होतो, ते कोर्ट म्हणजे पार्किंगचं छत आहे हे वर चढल्यावर कळलं! पाडू नये असं मला वाटतं, १९६५ मध्ये तिथल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने पदक दिलंय हो या वसाहतीला. साध्या लोकांची घरं म्हणजे काड्यापेट्या, असं नसतं हे दिसतं तिथे.

बीडीडीकर:
तुम्ही तासभर फोटो काढून हॉटेलात परत आलात ना? वरळीला आमची १६० फुटाची खोली, संडास कॉमन, आणि बाहेरचे येऊन म्हणायचे अहाहा काय ते चाळीतलं जीवन. नवीन घर मिळणार म्हटल्यावर आई रडली होती, आनंदाने. भिंतीचा रंग बघायला पाहुणे येतात, गळकं छत राहणाऱ्याच्या डोक्यावर.

खिडकीतला पाऊस:
चोई हुंग चाळ नाहीये, तुलना चुकतेय.

कवलूनवासी:
इथे हाँगकाँगमध्ये नऊ वर्षं राहतोय म्हणून बोलतो. १९५३ मध्ये इथल्या शेक किप मेई झोपडपट्टीच्या आगीत ५० हजारांवर लोक एका रात्रीत बेघर झाले, तिथून सरकारी घरं सुरू झाली, टुरिस्टसाठी नाही. आजही सरकारी घरासाठी सरासरी पाचेक वर्षं थांबावं लागतं आणि नव्या प्लॅनमध्ये ९,२०० च्या आसपास घरं होणारेत, मग रांगेतल्याला काय सांगायचं, रंग छान होते म्हणून थांब? पण एक खरं, त्या कोर्टवर संध्याकाळी पोरं खेळायला येतात तर फोटोवाले मध्येच उभे, बॉल लागला की वर यांनाच राग.

चहाबाज:
१९६४ मध्ये निक्सन (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले) चोई हुंगला येऊन बॅडमिंटन खेळून गेलेत, म्हणजे पाहुण्यांची सवय जुनीच 😄

खिडकीतला पाऊस:
घरांचं मान्य. पण जुन्या लोकांना तिथल्या तिथे घर मिळणार का, शेजारी तेच राहणार का, हे बघा ना. आणि निदान एखादी इमारत ठेवा.

बीडीडीकर:
ठेवा की. त्यात राहायला तुम्ही जा.

कवलूनवासी:
चोई हुंग मेट्रो स्टेशनचे खांब तरी रंगीत राहतील 🙂