मदत हवी आहे: ८९ ची पद्मिनी, खालचा पत्रा सडलाय

नमस्कार मंडळी, बाबांची १९८९ ची प्रीमियर पद्मिनी गाडी मुलुंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहा वर्षं नुसती उभी होती, आता घरच्या घरी शनिवार-रविवार लावून चालू करायचीय. इंजिनाची चिंता नाही, १०८९ सीसीचं साधं कार्बोरेटरवालं, प्लग-पॉइंट साफ केले आणि तिसऱ्या सेल्फला उठलं, बाबांनी तर टाळीच दिली! पण ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं तर वाळवी लागल्यासारखा पत्रा, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि आरपार, खालची लादी दिसते. एक डेंटिंगवाला म्हणतो फायबर मारून वरून डांबर फासू, स्वस्तात होईल. मला ते पटत नाही, आत गंज तसाच राहणार आणि पुढच्या पावसाळ्यात परत तेच. सडका भाग कापून नवीन पत्रा वेल्ड केला तर कुठल्या गेजचा (जाडीचा) घ्यायचा? वेल्डिंगआधी बॅटरी काढणार, कार्पेट काढणार, अजून काय सांभाळायचं?

दुसरं, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप फुगून चिरतात, ते सगळे बदलतोय, कार्बोरेटरचं किट कुर्ल्याला मिळेल की ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे जाऊ? पंधरा वर्षांवरची गाडी, आरटीओत पासिंगपण करायचंय, त्यामुळे जुगाड नको.