‘यष्टी’ हा शब्द अशुद्ध कसा?

सांजवारा:
गेल्या आठवड्यात आमच्या घरी एका शब्दावरून वाद रंगला. माझी आई लहानपणापासून ‘यष्टी’ म्हणते आणि तिची शाळकरी नात तिला ‘एसटी म्हण गं आजी’ असे दुरुस्त करत होती. आईने शांतपणे उत्तर दिले की, आमच्या गावात यष्टीच यायची, तुमची एसटी कुठे जाते ते मला ठाऊक नाही. गंमत बाजूला ठेवली तरी माझ्या मनात दोन शंका राहिल्या. संस्कृतात ‘यष्टी’ म्हणजे काठी आणि ‘अंगयष्टी’त आपण तोच शब्द वापरतो, त्याच्याशी या उच्चाराचा काही संबंध आहे का? आणि ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’ हे व्यवस्थेचे नाव प्रत्यक्ष गाडीला कसे चिकटले?

अक्षरवेल:
काठीशी संबंध मुळीच नाही. तो निव्वळ योगायोग आहे. मात्र हा उच्चार मराठी जिभेच्या नेहमीच्या सवयींनुसारच घडलेला आहे. शब्दारंभीच्या ‘ए’पूर्वी आपण बोलताना हलकासा ‘य’ आणतो, म्हणून लिहिलेले ‘एक’ अनेकांच्या तोंडी ‘येक’ होते. पुढे ‘ट’ उच्चारायचा असल्यामुळे जीभ आधीपासूनच टाळूकडे वळते आणि ‘स’चा ‘ष’ होतो. ‘पोष्ट’, ‘रजिष्टर’ हे शब्द याच वाटेने आले. संस्कृत व्याकरणात याच घडामोडीला ष्टुत्व म्हणतात आणि ‘रामस् टीकते’चे ‘रामष्टीकते’ होते, हे उदाहरण विद्यार्थ्यांना पाठ असते. जे पाणिनीच्या सूत्रात बसते ते आजीच्या तोंडी अशुद्ध कसे ठरते, हे मला समजलेले नाही. ‘येष्टी’तला एकार जोडाक्षरापुढे आखडला की ‘यष्टी’ तयार.

आगारवासी:
माझे वडील एसटीत होते, म्हणून दुसऱ्या शंकेविषयी लिहितो. हे पहिले वाक्यच पाहा: ‘एसटीत आहे’ म्हणजे प्रवासात आहे की नोकरीत, हे प्रसंगावरून ओळखावे लागते, कारण या एका शब्दात संस्था आणि गाडी दोन्ही मावतात.

स्वातंत्र्यापूर्वी गावोगाव खासगी मालकांच्या मोटारी धावत. तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या सरकारने ही वाहतूक स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली आणि १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली. त्या वेळी ‘स्टेट’ या शब्दाला खास अर्थ होता: ही मालकाची मोटार नसून सरकारची आहे. लोकांनी हा भेद ध्यानात ठेवला, पण लांबलचक नावातली दोन आद्याक्षरेच उचलली. १९५०च्या कायद्यानुसार महामंडळ झाले, १९६०मध्ये त्याच्या नावात महाराष्ट्र आला, तरी ती दोन अक्षरे हलली नाहीत. गुजरातमध्येही सरकारी बसला ‘एसटी’च म्हणतात, कारण तो भागही त्याच मुंबई राज्यात होता.

कागदोपत्री मराठी पर्यायही आहे. महामंडळाच्या पत्रव्यवहारात ‘रा. प.’ म्हणजे राज्य परिवहन असे लिहितात. पण ‘राप चुकली’ असे म्हणणारा प्रवासी मला अजून भेटलेला नाही. याउलट ‘आगार’, ‘वाहक’, ‘विनंती थांबा’ हे शब्द पाट्यांमुळे सर्वांना ओळखीचे झाले, जरी हाक मारताना वाहकाला कंडक्टरच म्हणतात. गाड्यांची नावे तर आणखी मौजेची आहेत. १९८२च्या दिल्लीतील आशियाई खेळांसाठी वापरलेल्या गाड्या पुढे इकडे आल्या आणि निमआराम गाडीला ‘एशियाड’ हे नाव पडले. खेळ विसरले गेले, नाव उरले.

नदीकाठ:
‘बस’ या शब्दाची कथाही तितकीच विचित्र आहे, म्हणून भर घालतो. लॅटिन ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. १८२०च्या दशकात फ्रान्समधील नांत शहरात भाड्याच्या सार्वजनिक घोडागाडीला हे नाव मिळाले आणि १८२९मध्ये जॉर्ज शिलिबीर यांनी तशी गाडी लंडनमध्ये सुरू केली. पुढे इंग्रजांनी शब्द छाटला, तो नेमका चुकीच्या टोकाकडून! ‘ओम्नि’ हा अर्थ वाहणारा भाग गळला आणि ‘बुस’ हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय तेवढा उरला. आपण ‘सर्वांना’तले ‘सर्व’ टाकून गाडीला नुसते ‘ना’ म्हटले असते, तर जे झाले असते तेच हे आहे. एसटीचे ‘बहुजन हिताय बहुजन सुखाय’ हे बोधवाक्य वाचताना मला तो गळालेला ‘ओम्नि’ आठवतो.

संस्थेचे नाव गाडीला लागणे हे मात्र सगळीकडे सारखे घडत नाही. पुण्यात २००७नंतर नाव बदलूनही लोक ‘पीएमटीने आलो’ म्हणतात, तर मुंबईकर बहुधा ‘बेस्टची बस’ असा षष्ठीचा प्रत्यय लावतो.

सांजवारा:
सर्वांचे आभार. अक्षरवेल यांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ‘रामष्टीकते’ तिला फार आवडले आणि नातीला तिने ते तीनदा म्हणायला लावले.