मदत हवी आहे: सिम्युलेशन दिसतंय झकास, पण उत्तर बरोबर आहे हे तपासायचं कसं?

नमस्कार मंडळी,

भौतिकशास्त्रातली समीकरणं संगणकावर सोडवायला आणि उत्तरं चित्ररूपात मांडायला माझं मीच शिकतोय. पदवीपर्यंतचं कॅल्क्युलस झालंय, पायथन कामापुरतं येतं. लंबक, स्प्रिंगला टांगलेलं वजन वगैरे करून झालं. आता १० सेंमी बाजूच्या चौकोनी तांब्याच्या पत्र्यात उष्णता कशी पसरते ते करतोय. पद्धत सगळ्यांत साधी: फायनाइट डिफरन्स (पत्र्यावर ठरावीक अंतरावर बिंदू घ्यायचे आणि शेजारच्या बिंदूंमधल्या फरकांवरून गणित करायचं), आणि पुढच्या क्षणाचं तापमान थेट आधीच्या क्षणावरून.

ग्रिडचं, म्हणजे शेजारच्या दोन बिंदूंमधलं, अंतर १ मिमी आणि टाइमस्टेप, म्हणजे गणितातलं काळाचं एक पाऊल, ०.००२ सेकंद ठेवला की अ‍ॅनिमेशन छान येतं. चित्र आणखी रेखीव यावं म्हणून अंतर अर्धा मिमी केलं, बाकी कशालाही हात लावला नाही. तर गरम कडेजवळ बुद्धिबळाच्या पटासारखे लाल-निळे चौकोन उमटले, बघता बघता पत्राभर पसरले आणि शेवटी आकड्यांच्या जागी नुसतं 'नॅन' (म्हणजे 'हा आकडाच नाही'). टाइमस्टेप बराच कमी केला की गाडी रुळावर येते. पण मला खटकतंय ते वेगळंच. जे अ‍ॅनिमेशन छान दिसतं, ते तरी बरोबर कशावरून? आणि यापुढे स्वतःचा कोड लिहीत राहू की सरळ ओपनफोम (तयार सिम्युलेशन सॉफ्टवेअर), पॅराव्ह्यू (उत्तरं चित्ररूपात दाखवणारं सॉफ्टवेअर) वगैरे शिकायला घेऊ?

प्रतिसाद १

अंतर निम्मं केलंत की टाइमस्टेप निम्मा करून भागत नाही, पाव करावा लागतो. द्विमितीत अल्फा (पदार्थात उष्णता किती झपाट्याने पसरते तो आकडा) गुणिले टाइमस्टेप, भागिले अंतराचा वर्ग, हा आकडा ०.२५ च्या आत हवा. तांब्याचा अल्फा साधारण ०.०००११ चौरस मीटर प्रतिसेकंद. तुमच्या पहिल्या रनला ०.२२ येतात, म्हणजे काठावर पास. दुसऱ्याला ०.८८. तिथे एका बिंदूवर अधिक, शेजारच्यावर उणे अशी जी बारीकशी चूक असते, ती प्रत्येक पावलाला चिन्ह बदलत सुमारे सहापट होते. तुम्हाला दिसलेला पट तोच.

या अटीतून सुटायचं असेल तर इम्प्लिसिट पद्धत (पुढच्या क्षणाची सगळी तापमानं एकदम सोडवून काढणारी) बघा, उदाहरणार्थ १९४७ ची क्रँक-निकोल्सन. दर पावलाला समीकरणांचा संच सोडवावा लागतो, पण पाऊल मोठं घेतलं तरी गणित फुटत नाही. अर्थात फुटलं नाही म्हणजे उत्तर अचूक आलं असं नव्हे.

प्रतिसाद २

तेच तर. ज्याचं उत्तर कागदावर निघतं असा प्रश्न आधी कोडला घाला. चारही कडा शून्य अंशावर धरा आणि सुरुवातीचं तापमान दोन्ही दिशांना साइनच्या अर्ध्या लाटेसारखं द्या: मध्ये सर्वाधिक, कडेला शून्य. हा आकार बदलत नाही, फक्त उंची घातांकी वेगाने उतरते. तुमच्या पत्र्यात मधल्या बिंदूचं तापमान साधारण ३.२ सेकंदांत निम्मं व्हायला हवं.

मग अंतर २ मिमी, १ मिमी, अर्धा मिमी असं घ्या, टाइमस्टेप दर वेळी पाव करा आणि कागदावरच्या उत्तराशी पडणारा फरक लिहून ठेवा. फरकही दर वेळी पाव होत गेला तर कोडवर भरवसा ठेवायला हरकत नाही. निम्माच होत असेल तर पहिला संशय कडेच्या बिंदूंवर घ्या.

जाता जाता: लंबक साध्या ऑयलर पद्धतीने (नवं स्थान आणि नवा वेग दोन्ही जुन्या आकड्यांवरून) केला असेल तर त्याच्या एकूण ऊर्जेचा आलेख काढा. ती वाढत गेलेली दिसेल. आधी वेग बदला आणि त्या नव्या वेगाने स्थान काढा, एवढ्याने ती ताळ्यावर येते.

धागालेखक

दोघांचेही आभार. आकडे जुळले, फरक खरंच पाव होत जातोय. पण व्हिडिओ ढिम्म हलत नाही! पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत तेच चित्र.

प्रतिसाद २

मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनची आलेख काढायची लायब्ररी) प्रत्येक फ्रेमला इमशो, म्हणजे आकड्यांचं रंगीत चित्र काढणारं फंक्शन, नव्याने बोलावताय ना? मग तो त्या फ्रेममधलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान बघून रंग वाटतो. १०० अंशांना जो लाल, तोच पुढे ५ अंशांना. आकार तोच राहत असल्याने सगळ्या फ्रेम एकसारख्या दिसणारच. व्हीमिन आणि व्हीमॅक्स (रंगपट्टीची खालची आणि वरची मर्यादा) सुरुवातीलाच ठरवून टाका आणि रंगपट्टी चित्राशेजारी दाखवा. आणखी एक, इमशो पहिली ओळ वरती काढतो, त्यामुळे वाय अक्ष उलटा दिसतो. ओरिजिन 'लोअर' करा.

लाल-निळे चौकोन म्हणालात, म्हणजे रंगसंगती 'जेट' असावी. ती सोडा. तिच्यात पिवळ्या-हिरवट पट्ट्यापाशी नसलेल्या सीमारेषा दिसतात. २०१७ च्या २.० आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिबने मूळची निवड 'विरिडिस' केली ती याचसाठी.

ओपनफोमची घाई नको, असं माझं मत. आधी याच कोडने एकमितीतलं तरंगाचं समीकरण सोडवा. तिथली अट निराळी आहे: तरंगाचा वेग गुणिले टाइमस्टेप, भागिले अंतर, हे १ च्या वर जाता कामा नये. पॅराव्ह्यू मात्र त्रिमितीत उतरलात की लगेच घ्या, तिथे मॅटप्लॉटलिब रडवतं.