सोसायटी ग्रुप: युद्धाच्या बातम्यांतले इंग्रजी शब्द

बी-२०४: सकाळच्या फॉरवर्डमध्ये ‘कॅज्युअल्टीज’चा आकडा थेट ‘ठार’ म्हणून दिलाय. कृपया पुढे पाठवू नका. कॅज्युअल्टी म्हणजे लढण्याच्या कामातून बाद झालेला माणूस: मृत, जखमी, बेपत्ता, शत्रूच्या हाती सापडलेला, आजारी पडलेलासुद्धा. फक्त लढाईत मारल्या गेलेल्यांसाठी ‘किल्ड इन ॲक्शन’, म्हणजे केआयए.

सी-१०१: मग मराठीत ‘हताहत’ चालेल का?

बी-२०४: बराच जवळचा आहे ताई. हत म्हणजे मारले गेलेले, आहत म्हणजे जखमी. पण बेपत्ता आणि युद्धकैदी त्यात बसत नाहीत. बातमीत फोड दिली असेल तर फोडच लिहावी. नसेल तर ‘हानी’ लिहा, ‘ठार’ नको. ‘कॅज्युअल्टी’ या शब्दाने बरेच गैरसमज पसरतात.

डी-५०२: काका, बुलेट, राउंड, शेल, कार्ट्रिज हे सगळं एकच ना?

ए-४०३: नाही. अख्खं काडतूस म्हणजे कार्ट्रिज, सैन्याच्या बोलण्यात राउंड. त्याचे चार भाग. बाहेरची धातूची पुंगळी म्हणजे केस, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू म्हणजे प्रोपेलंट आणि तोंडाशी बसवलेली गोळी म्हणजे बुलेट. घोडा दाबला की फायरिंग पिन प्रायमरवर आदळते, ठिणगीने दारू पेटते आणि वायूच्या दाबाने फक्त बुलेट नळीतून पुढे जाते. रायफलमधून बाजूला उडून पडते ती रिकामी पुंगळी. म्हणून ‘शेल केसिंग्ज सापडल्या’ याचं भाषांतर ‘गोळ्या सापडल्या’ केलं तर अर्थच बदलतो.

नुसता ‘शेल’ आला आणि विषय तोफांचा असेल तर तो तोफगोळा. शेलिंग म्हणजे तोफांचा मारा. १५५ मिमी लिहितात ते नळीच्या आतल्या व्यासाचं माप. गोळ्याची लांबी नव्हे.

डी-५०२: आणि मॉर्टर?

ए-४०३: उखळी तोफ. गोळा उंच चढून जवळपास सरळ खाली येतो, त्यामुळे टेकडीआड किंवा खंदकात लपलेल्यांवर उपयोगी. लहान मॉर्टरमध्ये गोळा वरून नळीत सोडतात, तो बुडाच्या पिनेवर आदळून उडतो. हॉवित्झर हीसुद्धा तोफच, पण मॉर्टरहून मोठी आणि लांब पल्ल्याची.

सी-१०१: ‘सॉर्टी’ पण सांगा. ५० सॉर्टीज म्हणजे ५० विमानं?

बी-२०४: एका विमानाचं एक उड्डाण म्हणजे एक सॉर्टी. १० विमानं दिवसात ५ वेळा गेली तरी ५० होतात.

बी-२०४: सीझफायर आणि आर्मिस्टिसही एकच समजू नका. सीझफायर म्हणजे गोळीबार थांबवणं. एका भागापुरता किंवा काही तासांपुरताही असू शकतो. आर्मिस्टिस हा लढाई थांबवण्याचा रीतसर लेखी करार, तरीही शांतता तह नव्हे. कोरियात २७ जुलै १९५३ ला आर्मिस्टिस झाला, शांतता तह आजवर नाही. पहिल्या महायुद्धात आर्मिस्टिस ११ नोव्हेंबर १९१८ ला आणि व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला.

ई-३०१: मुलांना मोठ्याने वाचायला देणार असाल तर एक उच्चार आधी सांगून ठेवा. सैन्याची ‘कोर’, म्हणजे मोठी तुकडी, इंग्रजीत लिहिताना शेवटी पी आणि एस येतात, पण दोन्ही मुके. ‘कॉर्प्स’ म्हटलं की ऐकणाऱ्याला प्रेत ऐकू येतं. अनेकवचनाचं स्पेलिंग तेच, उच्चार ‘कोर्झ’.